गार्डसाहेबांचं खाकरणं

"सर, गुरुवारी दहा भरतील ना?" पोह्यांची परात खाली ठेवत मिलकाबाईंनी विचारलं.

हसकेल सरांनी ओठाशी नेलेला चहाचा कप तसाच थांबवला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर मुलं-मुली पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती आणि निम्मी डुलत होती. सरांनी मुलग्यांच्या रांगेवरून नजर फिरवत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं. बाईंना ते लहानपणापासून ठाऊक होतं. बेने इस्रायली माणूस आपली माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाही; नजर लागते म्हणतात. प्रार्थनेतलं दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेकावर ठेवत जायचं. वचन पुरं झालं की दहा भरले. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष उभे असल्याशिवाय मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दीश, म्हणता येत नाही.

"भरतात," सर म्हणाले. "मला धरून बरोब्बर. एकही जास्त नाही."

"जास्त कशाला हवेत?" बाई म्हणाल्या आणि पोहे वाढायला वळल्या.

ठाण्याच्या यहुदी मुलांचं हे उन्हाळी शिबिर. सकाळी धर्माचा अभ्यास, दिवसा डोंगर, किल्ले, झरे. दरवर्षी ते माथेरानसारख्या शहाण्या ठिकाणी भरायचं. सत्याऐंशीच्या मे महिन्यात ते धुळ्याला भरलं, त्याचं खापर सर्वस्वी मिलकाबाईंवर. मे महिन्यात धुळ्याला माणूस येतो तो एक तर लग्नाला, नाहीतर बदली होऊन. पण बाईंनी ठाण्याला जाऊन सरांना गळ घातली होती. शाळा फुकट मिळवून देते, स्वयंपाक मी करते, लळिंगचा किल्ला हाकेवर आहे, जळगावकडे उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. मे महिन्यात गरम पाण्याच्या झऱ्यांचं कौतुक सांगायला धीर लागतो, आणि तो बाईंकडे होता. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली बाई ती, नाही म्हणणाऱ्याला औषध पाजायची सवय होती.

खरं कारण त्यांनी सरांपासूनही लपवलं नव्हतं. त्यांचे यजमान आयझॅक पुगावकर चाळीसगाव-धुळे पॅसेंजरवर गार्ड होते. सात वर्षांमागं ऐन श्रावणात गेले. पांझरेला पूर आलेला, रस्ते बंद. ठाण्याहून कुणी पोहोचू शकलं नाही. रेल्वेची माणसं, शेजारी, दवाखान्यातले वॉर्डबॉय, ज्यांना जसं सुचलं तसं त्यांनी गार्डसाहेबांना मातीत ठेवलं. धुळ्यात दुसरं यहुदी घर नव्हतं. पुढं ठाण्याला सिनेगॉगमध्ये त्यांच्या नावानं कद्दीश झाली. पण बाईंचं समाधान झालं नाही. "ठाण्यात म्हटलेलं त्यांना धुळ्यात कसं ऐकू जाणार?" त्यांनी सरांना विचारलं होतं. सरांकडे याला शास्त्रातलं उत्तर होतं, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते दिलं नाही.

एक गोष्ट मात्र बाईंनी सरांना सांगितली नव्हती. ती फक्त शेजारच्या बेबाबाईला ठाऊक होती.

आयझॅकभाऊंना घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबायची सवय होती. चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाला, म्हणजे आत पवित्र वचन गुंडाळून ठेवलेल्या त्या छोट्या नळीला, बोटं लावायची, ती बोटं ओठांना लावायची आणि दोनदा खाकरायचं. ते ऐकलं की बाई चहाचं आधण ठेवायच्या. संध्याकाळची पॅसेंजर स्टेशनात आल्याची शिटी, मग थोड्या वेळानं ते खाकरणं. सारा संसार त्यावर चालला.

आणि ते थांबलंच नाही. माती दिल्याला महिना झाला नसेल, एका संध्याकाळी पॅसेंजरची शिटी झाली आणि थोड्या वेळानं उंबऱ्यावर कुणीतरी दोनदा खाकरलं. बाईंनी दार उघडलं तर बाहेर नुसती ओसरी. दुसऱ्या दिवशी तेच. बाई आधी घाबरल्या, मग रडल्या आणि पंधरवड्यानं रोज दोन कपांचं आधण ठेवू लागल्या. भिंतीपलीकडून बेबाबाईनंही ऐकलं होतं. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "माय वं, गार्डसाहेब आज बी खाकरना. त्यास्ना जीव अटकेल शे, सिस्टरबाई. तुमना धरममा काय करतस ते करी टाका."

ते बाईंना टोचत राहिलं. आपला माणूस सात वर्षं उंबऱ्यावर तिष्ठत उभा आहे, त्याला ना आत येता येत, ना पुढं जाता येत, आणि आपण मात्र चहा पीत बसतो. यंदा दहा माणसं आणायचीच असं त्यांनी ठरवलं, आणि आणलीही.

बुधवारी मुलं लळिंगला चढली. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण ठाण्याच्या मुलांची पहाट आठला होते. उतरताना ऊन डोक्यावर आलं. रूबेन नावाचा पंधरा वर्षांचा उंच मुलगा टोपी फेकून देऊन मिरवत होता, तो पायथ्याशी येऊन ओकला आणि भुईवर बसला. ऊन लागलं होतं. बाईंनी त्याला शाळेच्या खोलीत निजवलं, कैरीचं पन्हं पाजलं, कांदा ठेचून तळपायांना चोळला. गुरुवारी सकाळी ताप उतरला, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

"बाई, नऊच राहिलो," सर अवघडून म्हणाले.

शिबिरातली थोरली मुलगी तिथंच कांदे चिरत होती. "आम्ही सहा जणी आहोत की, सर. आम्हाला धरा."

"आपल्यात तसा नियम नाही, बेटा."

"मग नियमाला ऊन दाखवा," मुलगी म्हणाली. सर हसले, बाई हसल्या नाहीत. त्या पोहे भिजवत होत्या. गूळ, खोबरं, वेलची घातलेला मलिदा, वरून खजूर आणि रावेरकडची केळी. एलियाहू नबीच्या नावानं हा मलिदा त्यांनी सात वर्षांत केला नव्हता.

"रूबेनला उचलून न्यायचं म्हणाल तर मी सिस्टर आहे, मीच नेऊ देणार नाही," त्या अखेर म्हणाल्या. "कद्दीश नको. दुसरी काय म्हणता येईल ती प्रार्थना म्हणा. पण चला."

टेंपोवाल्या हिलालच्या गाडीतून सगळे दुपारी कब्रस्तानाकडं निघाले, कारण पुढं मुलांना सामान आवरायचं होतं आणि शुक्रवारी पहाटेची बस होती. बेबाबाई रूबेनपाशी थांबली. पोरांना भर उन्हात नेताना पाहून ती ओरडली, "ह्या उन्हामा पोरेस्ले कथा लई चालन्यात? बठ्ठं गाव घरमा बशेल शे!" तिनं आपल्या घरातले होते नव्हते तेवढे टॉवेल आणून मुलांच्या डोक्या-तोंडाला गुंडाळले. नुसते डोळे उघडे राहिले. सगळी मुलं एकसारखी दिसू लागली.

लळिंगच्या रस्त्याला, डांबरी सोडून आत, पडक्या भिंतीचं एक जुनं कब्रस्तान होतं. गार्डसाहेबांना तिथंच ठेवलं होतं. हिलालनं टेंपो बाहेरच्या निंबाखाली लावला. "मी आठेच बसस," तो म्हणाला. "दुपारले तठे कोनी जात नही."

आत गेल्यावर सगळ्यांचीच बडबड बंद पडली. वारा थांबला होता. गवत पिवळं पडून मोडलेलं, आणि त्यावर हलणाऱ्या झळांतून पलीकडचा किल्ला मधेच दिसत होता, मधेच नाही. कावळासुद्धा ओरडत नव्हता. बाई मुलींना घेऊन कबरीच्या अलीकडे ताट धरून उभ्या राहिल्या. मुलगे पलीकडे सरांभोवती उभे राहिले.

सरांनी पुस्तक उघडलं आणि केवळ सवयीनं मुलांवरून नजर फिरवली. पहिला शब्द स्वतःवर, मग एकेक. वचन पुरं झालं. शेवटचा शब्द भिंतीशी उभ्या असलेल्या एका उंच आकृतीवर पडला. सर गोंधळले. त्यांनी उलट बाजूनं पुन्हा वचन म्हटलं. पुन्हा पुरं झालं. आला वाटतं हट्टी रूबेन, त्यांच्या मनात आलं. नको म्हटलं तरी टेंपोत चढला. मागाहून चांगलं खडसवायचं ठरवून त्यांनी बाईंकडे पाहून मान हलवली. "कद्दीश म्हणू या, बाई. भरले."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त ताट घट्ट धरलं.

सरांचा आवाज त्या उन्हात कोरडा येत होता. पहिल्या थांब्याला मुलं "आमेन" म्हणाली आणि नेमकं त्याच्या आधी, सगळ्यांच्या मागं, कुणीतरी दोनदा खाकरलं. धाकटी मुलगी बाईंना चिकटली. "कोण आहे?" तिनं कुजबुजून विचारलं.

"धुळीनं घसा धरतो, बाळा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मातीवर खिळले होते. पाहिलं तर तो मधेच नाहीसा होईल, आणि त्याला इथून जिथं जायला हवं तिथंच जाऊ द्यायचं आहे, एवढंच त्यांना कळत होतं. छातीत आनंद होता आणि भयही. शेवटचं आमेन त्या मुलांबरोबर म्हणाल्या. तेवढ्यात एकदम वाऱ्याची झुळूक आली, सुकं गवत भिंतीकडून फाटकापर्यंत सरसरत गेलं आणि किल्ला लख्ख दिसू लागला.

मलिदा वाटून झाला. टेंपोत चढताना सरांनी रूबेनला खडसवायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. टॉवेल सुटले होते. रूबेन त्यांत नव्हता.

"हिलाल, तो उंच मुलगा?"

"कोनता? तो आजारी पोऱ्या ते उनाच नही, सर. तो शाळामाच शे."

शाळेत बेबाबाई रूबेनच्या उशाशी पंख्यानं वारा घालत होती. "तो ते हालना बी नही," ती म्हणाली. "बठ्ठी दुपार झोपेल व्हता."

दिवस कलताना सर बाईंच्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बाई, चुकलो मी. तोंडं न पाहता वचनानं मोजलं. आपण नऊच होतो. कद्दीश शास्त्राला धरून झाली नाही. तुमची फसवणूक झाली."

"दोनदा मोजलंत ना?"

"दोनदा. पण..."

"दोन्ही वेळा वचन पुरं झालं?"

सरांनी मान हलवली.

"मग झालं तर. मुलांना काही सांगू नका, घाबरतील." बाईंनी त्यांच्या हातात मलिद्याचा डबा दिला. "रूबेनला द्या. पोट नीट असेल तरच."

सर गेले. बाईंनी ओसरी झाडली, दार सताड उघडं ठेवलं आणि दोन कपांचं आधण चढवलं. पॅसेंजरची शिटी झाली. भिंतीपलीकडं बेबाबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला. तीही ऐकत होती. आधण उकळलं, आटलं, बाईंनी पुन्हा पाणी घातलं. दिवेलागण झाली. उंबऱ्यावर कुणी आलं नाही.

"सिस्टरबाई," बेबाबाई भिंतीवरून हळूच म्हणाली, "आज नही खाकरना. सुटना बिचारा."

"हो. सुटले," बाई म्हणाल्या. सात वर्षं आपण याचसाठी धडपडलो, हे त्यांना आठवत होतं. पण घर असं रिकामं होईल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तर आपण ठाण्याला गेलो असतो का, हा प्रश्न त्यांनी मनात येताच परतवला. गार्डसाहेबांना माती दिली त्या दिवशी पुराच्या, माणसांच्या, कागदपत्रांच्या धांदलीत धड रडताही आलं नव्हतं. त्या दिवसाच्या वाटणीचं त्या आता रडल्या.

शुक्रवारी पहाटे स्टँडवर त्यांनी मुलांना बसमध्ये बसवलं. रूबेनला खिडकीजवळची जागा दिली, ओला रुमाल दिला. बस हायवेला लागेपर्यंत हात हलवला आणि पायी घरी आल्या.

दारापाशी किल्ली काढताना त्या थबकल्या. मेझुझाला बोटं लावली, ओठांना लावली. मग रिकाम्या घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी दोनदा खाकरलं.

पलीकडं काहीतरी खणकन पडलं. बेबाबाई धावत भिंतीशी आली. केस तसेच, डोळे विस्फारलेले.

"मीच आहे, बेबाबाई," मिलकाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी एका कपाचं आधण ठेवलं.