उन्हाळ्यातलं बेट

नागेशनं वल्हं वर घेतलं आणि होडी थांबवली.

"हितंच खाली भीमा हाय, सर. सोडा."

रविराजनं मांडीवरच्या मडक्याचं फडकं सोडलं. आत वडिलांच्या अस्थी होत्या. ते गेल्यापासून शाळेतला हा भूगोलाचा मास्तर सांगितलेलं काम निमूट उरकत होता, रडणाऱ्या पाहुण्यांना पाणी देत हिंडत होता. स्वतःला मात्र रडू येत नव्हतं, आणि आता त्याचीच त्याला भीती वाटू लागली होती.

कौसल्याबाईंनी होडीतून वाकून उजनीच्या पाण्यात हात धरला.

"हे वाहत न्हाय."

"आई, हा जलाशय आहे. धरणानं पाणी अडलंय. नदीचं पात्र खाली आहेच." त्याचा वर्गातला सूर लागला.

"मला नगं शिकवू. साचल्या पाण्यात तुझ्या तात्यांना सोडायचं न्हाय." त्यांनी पलीकडच्या उंचवट्याकडं बोट केलं. "नागेश, तिकडं घे."

ते त्यांचं जुनं गाव. रविराजच्या जन्माआधीच धरणात गेलेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोडंसं वर येणारं. चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, हे सांगताना तो दरवर्षी पोरांना काठावरून तेच दाखवायचा. तिथं पाय मात्र त्यानं कधी ठेवला नव्हता.

वर नुसता भेगाळलेला गाळ, शिंपले आणि घरांची जोती. कौसल्याबाई दगडांमधून न थबकता चालत गेल्या. एका जोत्यापाशी बसून त्यांनी मडकं मागून घेतलं, अस्थी भेगांत सोडल्या आणि वर मूठमूठ माती लोटली.

"पावसाळ्यात इथं पाणी चढेल, आई."

"चढू दे. तवा जातील नदीला. तवर घरी ऱ्हातील."

रिकामं मडकं घेऊन रविराज उभा राहिला. आताही त्याच्या मनात काही हललं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं,

"आपलं घर नेमकं कुठं होतं?"

"तू उभा हायस तितं माजी चूल हुती."

रविराजनं खाली पाहिलं. मडकं बाजूला ठेवलं आणि पायातल्या चपला काढल्या. तापलेला गाळ तळव्यांना चांगलाच भाजला. तो तिथून हलला नाही.