आज डोलीत कोण?

"शून्य," कुशाबा म्हणाला आणि भिंतीला टेकताना त्याने डोळे घट्ट मिटले.

निशाने हातातलं कार्ड आणखी पुढे धरलं. शून्याखाली हसरा चेहरा, दहाखाली रडका. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन भेटणारी ती नर्स. दुखण्याचं औषध किती द्यायचं, हे या आकड्यावर ठरायचं.

"आजोबा, कॅन्सर हाडात गेलाय. शून्य कसं असेल?"

"हा कोन रडतो गो? कडेला ठेव त्याला, बघवत नाय."

"राती पंचा चावत व्हते," त्याची बायको बयाबाई चुलीपासून म्हणाली. "भोकं पडलीत. दाखवू काय?"

"उंदरानं खाल्ला तो."

"आवो, तोंडात धरलेला पंचा उंदीर कसा खाईल?"

कुशाबाने कार्ड हाताने बाजूला सारलं. मग म्हणाला, "आकडा वाढला की तुमी मला खाली दवाखान्यात न्याल. चाळीस वर्सं डोली वाह्यलीय मी. किती म्हातारी मानसं खाली नेली. परत आनताना डोली रिकामी."

"खाली नेणार नाही. औषध इथंच येईल."

"लिहून दे."

निशाने लिहून सही केली. कुशाबाला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि बयाबाईला तांदळाच्या डब्यात ठेवायला लावला.

"आता सांगताव. पन आकडा नाय कळत मला. खांद्यावर कळतं."

"म्हणजे?"

"डोलीत नेलेल्यांत गनू हलका. भिकू मधला, पन वाटभर बोंबलायचा. सगळ्यात जड चंद्राबाई."

"कोन रं जड?" शेजारची चंद्राबाई सूप घेऊनच दारात उभी राहिली. "पोटात जुळी व्हती माझ्या!"

"म्हनून तर धा. एकटी असतीस तर सात."

"सात? बाय, तू लिहू नको हां ह्याचं!"

निशाने लिहिलं. गणू दोन. भिकू पाच. चंद्राबाई एकटी सात, जुळ्यांसकट दहा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने वजनाचे ताणकाटे असेच आकडे लावून तपासले होते. त्यात कोणी सूप घेऊन भांडायला आलं नव्हतं.

"मग आज दुखणं कोणाएवढं जड? डोलीत कोण?"

कुशाबाने बराच वेळ खांदा चोळला.

"चंद्राबाई," तो हळूच म्हणाला. "जुळ्यांसकट."

चंद्राबाईने सूप खाली ठेवलं.

फोनला रेंज फणसाखालच्या दगडावरच मिळायची. निशाने तिथे उभं राहून महाडच्या डॉक्टर प्रियदर्शिनींना आकडा सांगितला. डोस वाढला.

पुढच्या मंगळवारी डोलीत भिकू आला. त्यानंतर दोन मंगळवार गणू. दर वेळी चंद्राबाई दारातून विचारायची, "आज मी नाय ना?" आणि कुशाबा म्हणायचा, "नाय गो. तुला आता कोन उचलतंय!"

पाचव्या मंगळवारी तो पडूनच होता. औषधाच्या दोन चमच्यांवर आणि पेजेच्या पाण्यावर. श्वासांमधलं अंतर वाढलं होतं. बयाबाई पायाशी बसली होती. दारात चंद्राबाई होती, पण आज तिने काही विचारलं नाही.

"आजोबा, आज डोलीत कोण?"

त्याला ओठ ओले करायला वेळ लागला.

"कोन नाय. रिकामी." थोडं थांबून म्हणाला, "परतीची. घराकडं चाललीय."

निशाने शून्य लिहिलं.

बयाबाई उठली. महिनाभर तो रात्री उशाला घेत होता तो नवा पंचा दोरीवरून काढून तिने दारातल्या उजेडात धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. एकही भोक नव्हतं. मग त्याची नीट चौघडी घालून तिने तो कुशाबाच्या खांद्याखाली सरकवला, डोली वाहताना खांद्यावर दांडीखाली ठेवतात तसा.