हिरव्या पडद्याच्या आत

चौथ्या रेसमध्ये शेवटच्या वळणावर ती घोडी मागे पडली आणि तीन पायांवर उभी राहिली. रेससोबत आतल्या रस्त्याने धावणाऱ्या आमच्या गाडीतून घोड्यांचे डॉक्टर कारखानीस आणि त्यांची मदतनीस मी, असे उतरलो. जॉकी लगाम धरून उभा होता, त्याला काही लागलं नव्हतं. घोडी मात्र पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. खुराच्या वरच्या सांध्यालगत सूज चढत होती.

"मनवा, कातडी?" सरांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. "शाबूत आहे."

"मग आशा आहे. मोडलेल्या हाडाला स्क्रू घालता येतो. पण तिने पाय आपटला आणि हाड कातडीबाहेर आलं, तर इथेच संपवावं लागेल."

त्यासाठीचं इंजेक्शन आमच्या पेटीत वेगळ्या कप्प्यात असतं. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते, आणि तो कप्पा मी अजून उघडला नव्हता.

घोडीचं रेसच्या कार्डावरचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. तिची देखभाल करणारा सईस दौलत तिला नलू म्हणायचा. तो रेलिंगखालून वाकून धावत आला. रेलिंगपलीकडे त्याने बांधून ठेवलं होतं बंड्याला. बंड्या म्हणजे तबेल्यातलं पोट सुटलेलं म्हातारं तट्टू. त्याच्या सोबतीशिवाय नलू स्टार्टपर्यंतसुद्धा जात नसे.

नेहमीच्या पद्धतीने मदतनिसांनी चारही बाजूंनी हिरवा पडदा उभा केला. स्टँडमधल्या लोकांना, त्याहून त्यांच्या मोबाईलना, आतलं दिसू नये म्हणून. बाहेर कोणीतरी ओरडलं, "गेली रे, गेली! पडदा लागला."

तोवर नलू थरथरत का होईना, उभी होती. पडदा लागताच ती खिंकाळली, मान उडवू लागली. सरांनी मानेच्या शिरेत गुंगीचं औषध द्यायला घेतलं, पण तिने झटका दिला आणि किती आत गेलं, किती सांडलं, कळेना. दौलत तिच्या तोंडाशी लोंबकळत होता. "नलू, माझे आई, ऐक ना गं!"

मी पाय जखडायचा स्प्लिंट हातात घेऊन तिच्या कानांकडे बघत होते. दोन्ही कान एकाच दिशेला रोखलेले. स्टँडकडे नाही, रेलिंगकडे.

"सर, पडदा काढू या."

"वेडी आहेस का? अख्खा स्टँड शूटिंग करतोय."

"मग बंड्याला आत घेऊ. तिला तो दिसत नाहीये."

"एक जनावर आवरत नाही, त्यात तू दुसरं आणतेस?" नलूने पाय टेकवायचा प्रयत्न केला. सरांचा आवाज बदलला. "आण. लवकर आण."

बंड्या आत आला आणि प्रसंगाचं जराही भान न ठेवता गवत खाऊ लागला.

"अरे हावरटा, आत्ता तरी!" दौलत रडता रडता त्याच्यावर खेकसला.

नलूने हनुवटी बंड्याच्या पाठीवर टेकवली. तिचा श्वास अजून कापत होता, पण ती हलली नाही. मी गुडघ्यांवर बसून स्प्लिंट चढवला. कातडी शाबूत राहिली.

एक्स-रेमध्ये हाडाला लांब, बारीक चीर दिसली.

"पुन्हा रेस नाही," सर दौलतला म्हणाले.

"ते जाऊ द्या साहेब. जगेल ना?"

"ऑपरेशन होईल नीट. भीती आहे ती शुद्धीवर येतानाची. घोडा घाबरून उठतो, धडपडतो, आणि केलेलं सगळं मोडून ठेवतो."

रात्री घरी, परळला, मी त्या पडद्याचाच विचार करत होते. औषधाचा अंमल चढायची वेळ आणि बंड्या आत यायची वेळ जवळजवळ एकच होती. कशामुळे ती शांत झाली, हे एका घोडीवरून सिद्ध होत नाही. पुन्हा करून बघायची इच्छाही नाही. पण तो पडदा आम्ही सगळ्यांनी आजवर फक्त बाहेरच्या बाजूने बघितला होता, आतल्या घोड्याला काय दिसेनासं होतं ते नाही, एवढं मला नक्की वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नलूला गाद्या लावलेल्या खोलीत निजवल्यावर सर हातमोजे काढत म्हणाले, "मनवा, तुझा तो असिस्टंट कुठाय?"

"कोण?"

"तो पोट सुटलेला. खोलीच्या जाळीशी आणून बांध. ती डोळे उघडेल तेव्हा समोर दिसला पाहिजे."

मी दौलतला हाक मारली. बंड्या आला, जाळीला नाक लावून उभा राहिला. बऱ्याच वेळाने नलूने डोकं उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. घाई केली नाही. मग पाय सावरून एकदाच उठली, आणि उभी राहिली.