नाथाजी गुळव्याची तपासणी

लढाई संपून वर्ष झालं, आणि नाथाजी गुळव्याचा धाकटा लेक आकाराम फौजेतून सुटून आष्ट्याच्या मळ्यावर आला. ब्रह्मदेशात तो फौजेच्या दवाखान्यात जखमी शिपायांची उठबस करायचा. तिथून त्यानं एक पत्र्याची पेटी, भरघोस मिशा आणि दिसेल त्या माणसाला तपासायची खोड आणली होती.

चहा पोटात जायच्या आत तो थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, आबा पंच्याहत्तरीला आलं. त्यांच्याजवळ कायम कुणीतरी नको? मला सांगलीत वखारीवर काम लागतंय. खोली हाय, दवाखाना जवळ हाय. मी घेऊन जातो त्यास्नी."

"त्यास्नी काय धाड भरलीया?" लालासाहेब म्हणाला. "काल चार काहिली गूळ उतरवला."

"ते मी ठरवतो. तीन दिवस तपासतो. सवताचं सवताला जमतंय का बघतो, मग बोलू."

नाथाजी अंगणात बाजेवर बसून ऐकत होता. ही तपासणी त्याला नको होती, कारण त्याला दिसत नव्हतं. अगदीच अंधार नव्हता. ऊन कळायचं, पांढरं धोतर कळायचं, पण माणसाचं तोंड कळायचं नाही आणि वाटेतला धोंडाही. तीन वर्षं त्यानं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. गुळव्याचे डोळे गेले असं एकदा झालं, की त्याला गुळाच्या चुलवाणाजवळ कोण उभं करणार? आणि सांगलीच्या खोलीत बसून त्यानं काय करायचं, भिंती चाटायच्या? गुळाला त्याला डोळे लागतच नव्हते. काहिलीच्या मोठ्या कढईत उसाच्या रसाला उकळी आली की आवाज जाड होत जायचा, वास बदलायचा. मग बोटं गार पाण्यात, पाकात, परत पाण्यात. गोळी वळली की झालं. मळ्यावर कुठं काय आहे हे पायांना पाठ होतं.

ताप एकच होता, थोरली सून मनुबाई. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडू नये अशी रीत. आणि ही बया अखंड बोलायची. "मामंजी, म्हस आंब्याला बांधलीया हो!" "मामंजी, तांब्या उजव्या अंगाला हाय!" "दारात सारवलंय, वलं हाय!" शेजारच्या मळ्यातला आदगोंडा एकदा म्हणाला, "काय नाथाजी, सून आणलीस का दवंडीवाला?" तेव्हापासून नाथाजी रोज तिच्यावर खेकसायचा, "तोंडाला दावं लाव की गं जरा!" ती "व्हय" म्हणायची आणि लगेच सांगायची, "वाटंत खुरपं पडलंय, थांबा, उचलते."

पहिले दोन दिवस आकारामची तपासणी झोकात पार पडली. "आबा, भाकरी खावा बघू." नाथाजीनं दोन खाल्ल्या. "अंगरखा घाला." घातला. "हिरीपतुर जाऊन या." नाथाजी ताठ मानेनं गेला, हात-पाय धुऊन आला. मग आकारामनं हात वर धरला.

"बोटं किती?"

"बाला बोटं मोजाय लावतोस?" नाथाजी असा गरजला, की झाडावरचे कावळे उडाले. "उद्या धुळाक्षरं गिरवाय लावशील!"

आकारामनं हात खाली घेतला. लालासाहेब पलीकडं तोंड करून हसला.

तिसऱ्या दिवशी मनुबाई ओढ्याला धुणं घेऊन गेली आणि नाथाजी विहिरीवर गेला. रिकाम्या अंगणात आकारामचे हात शिवशिवू लागले. फौजेत सगळं कसं एका रेषेत! त्यानं बाज उचलून भिंतीला लावली, तांबे फळीवर चढवले, पेंडीची बादली दाराजवळ आणली आणि बाज होती तिथल्या लाकडी मेढीला आपला कोट आणि टोपी टांगली.

नाथाजी आला. पहिला पाय पेंडीत गेला. पाय कसाबसा बाहेर काढून तो बाजेवर टेकायला गेला आणि थेट भुईवर आपटला. वर बघितलं तर समोर कुणीतरी उभं.

"बघतोस काय? हात दे की!"

कोट गप्प राहिला.

"हेच शिकीवलं व्हय तुला फौजेत? बा पडला तर निस्तं टकामका बघायचं?"

"आबा," मागून आवाज आला, "मी हितं हाय."

आकारामनं बापाला धरून उठवलं आणि हळूच म्हणाला, "ठरलं आबा. सांगली."

तेवढ्यात मनुबाई धुण्याची पाटी घेऊन आली आणि पाटी टाकूनच ओरडली, "बाज कुणी हलीवली?"

"वैनी, आबास्नी दिसत न्हाई."

"तुमास्नी आज कळलं व्हय भावजी? मला तीन वर्सं झाली."

नाथाजीनं आवाजाच्या दिशेला मान वळवली. "तुला ठावं हुतं?"

"मग काय हौस म्हणून वरडत हुते? सगळं शिवार मला तोंडाळ म्हणतंय. माज्या आयनं बी मला बोल लावला."

"मग बोलली का न्हाईस कुणाला?"

"तुमी झाकलं, मी कशाला उघडं करू?"

नाथाजी अंगरख्याची माती झटकत राहिला. एवढी माती नव्हती. इतक्यात गुऱ्हाळावरून लालासाहेब आला, पाक व्हायला आला म्हणून बापाला न्यायला. त्याला सगळं सांगून आकाराम म्हणाला, "घरात वैनी हाय, मान्य. पर काहिलीपाशी? तिथं उकळता पाक हाय."

मनुबाईचा आवाज बारीक झाला. "तिथं मला बी भ्या वाटतं. परवा मामंजींचा पाय काठापासनं ईतभर हुता. मी लांबनं वरडले, पर चरकाच्या आवाजात त्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. परवा नडगीला बसलेली धग नाथाजीला आठवत होती. त्यानं हनुवटी खाजवली.

"सांगलीला मी येत न्हाई," तो म्हणाला. "घरात मनू ठेवंल तिथं वस्तू ऱ्हाईल. आन काहिलीपाशी..." तो अडला. चाळीस वर्षांत तिथं त्याच्या जागी दुसरा पाय पडला नव्हता. "काहिलीपाशी मी उभा ऱ्हात न्हाई. धा पावलांवर लिंबाखाली बसतो. पाक माज्याकडं आणायचा."

"कोण आणणार?" आकारामनं विचारलं.

"तू. तपासायची हौस हाय न्हवं? तू गेल्यावर लालासाहेब."

दुपारी आकाराम एका हातात पाकाची पळी आणि दुसऱ्या हातात गार पाण्याचं भगुलं घेऊन पळत होता. नाथाजी बोटं बुडवायचा, चोळायचा. "कच्चा!" आकाराम माघारी. "आजून कच्चा! पानी बदल, कोमट झालं!" परत माघारी. मिशांतून घाम गळायला लागला. चौथ्या खेपेला गोळी वळली.

"उतरवा!"

गड्यांनी काहिलीला हात घातला. चाळीस वर्षं त्यांत पहिला हात नाथाजीचा असायचा. तो अर्धा उठला. मग गुडघ्यांवर हात दाबून परत खाली बसला, पाकाच्या हिंदकळण्याकडं कान लावला आणि बसल्या जागेवरून ओरडला, "सावकाश रं! डावीकडं कलतीया!"

डावीकडं कलली होती खरी.