डाव्या हाताची कात्री

दोन वर्षांत दुकानातलं एकही कापड मास्तरांनी कापलं नव्हतं, आणि हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं: मास्तरांना, त्यांच्या बहिणीला आणि त्यांच्या डावीला. डावखुरी म्हणून डावी, लहानपणी पडलेलं नाव. मास्तरांचे हात थरथरू लागले तसं त्यांनी कटिंग मागच्या खोलीत हलवलं. तिथे लेक कापायची, पुढे बाप मापं घ्यायचा आणि ‘मास्तरांचा हात तो मास्तरांचा हात’ ही वाहवा खाली मान घालून ऐकायचा. पुरुषाचा कोट पोरीने कापला म्हटलं तर गिऱ्हाईक पायरीवरूनच मागे फिरेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर त्यात फार काही चूकही नव्हतं.

त्यात आत्याने स्थळ आणलं. मुलगा याच दुकानातला कोट घालून आला होता, सोबत त्याची आई.

“कात्रीचं नाव काढायचं नाही,” आत्याने आतल्या खोलीत बजावलं. “विचारलंच तर म्हण, घरकामाची आवड आहे.”

“लग्नाला माझी ना नाही, आत्या. पण माझं टेबल मी सोडणार नाही.”

“आधी जमू तर दे बाई,” म्हणत आत्याने तिच्या हातात चहाचा ट्रे कोंबला.

डावी दुकानात आली तेव्हा मुलाची आई पिशवीतून भारी लोकरी कापड काढत होती. “मास्तर, लग्नाचा कोट यातूनच. माप तुमच्या वहीत आहेच. आत्ता आमच्यासमोर कापा. तुमचा हात बघायची फार इच्छा आहे.”

मास्तर पांढरेफटक पडले. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? त्यांनी कापड पसरलं, खडू घेतला. रेघ वेडीवाकडी गेली. ती एक वेळ झटकता आली असती, पण आता त्यांनी जुनी कात्री उचलली होती.

डावीला कळून चुकलं: बाप कापडाचं वाटोळं करील, पण तोंड उघडणार नाही. गप्प राहावं तर दुकान जाणार, बोलावं तर स्थळ जाणार. मधला रस्ता तिला काही दिसेना.

“धरा जरा,” म्हणत तिने ट्रे मुलाच्या हातात दिला. आतून आपली कात्री आणली. “बाबा, सरका.”

मास्तर सरकले. तिने रेघ झटकली, नवी मारली आणि डाव्या हाताने कात्री घातली ती थेट बगलेच्या वळणापर्यंत. आत्या कपाळाला हात लावून स्टुलावर बसली.

“हे काय चाललंय?” मुलाच्या आईने विचारलं.

“कटिंग. यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. अंगातल्या कोटाला मी त्या बाजूला जाड पॅड घातलंय, म्हणून दिसत नाही. यालाही घालीन.”

“आई, खरंच उतरलाय?” मुलाने विचारलं.

“तू गप्प बस.” मग ती टेबलापाशी येऊन डावीला म्हणाली, “हुशार आहेस. पण आमची सून चार पुरुषांचे खांदे मोजत बसणार नाही. कात्री सोडणार असशील तर पुढचं बोलू.”

आत्या डोळ्यांनी विनवत होती. मुलगा डावीला आवडला होता, उगाच खोटं कशाला बोला. तो काही म्हणतोय का, म्हणून ती क्षणभर थांबली. तो ट्रेमधल्या कपांकडे बघत होता.

“मग पुढचं नको बोलूया,” ती म्हणाली. “कोट गुरुवारी न्या.”

त्याने ट्रे अलगद टेबलावर ठेवला आणि आईच्या मागोमाग गेला.

“बापाची अब्रू चव्हाट्यावर आणलीस,” आत्या म्हणाली.

डावीला बापाकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. “मास्तर, सूट शिवायचाय. माप घेता?”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. दोनदा हातातून निसटली. मग त्यांनी ती डावीच्या गळ्यात टाकली.

“मास्तर या आहेत,” ते म्हणाले आणि गार झालेल्या चहाचा ट्रे उचलून आत निघाले. कप स्वयंपाकघरापर्यंत खडखडत गेले.