सासूबाईंची दुपारची झोप

आमच्या पाड्यावर नाचणीची कणसं भरली की रात्रभर शेत राखायचं आणि दुपारी झोपायचं, अशी रीत. सासऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून शेतातल्या माळ्यावर सासूबाई बसतात. पाचोळा वाजला तरी त्यांना डुकराची चाहूल लागते. यंदा मात्र डोंगरावर पवनचक्की आली. दुपारी वारा चढला की तिची घरघर भिंतीतून थेट उशीत शिरते. सासूबाईंची झोप गेली, डोकं ठणकायला लागलं, आणि परवा माळ्यावर बसल्याबसल्याच त्यांचा डोळा लागला. डुकरांनी अर्धं शेत लोळवलं. सकाळी त्या बांधावर बसून रडल्या. मला त्या पंख्याचा असा राग आला की काय सांगू.

पवनचक्कीच्या कंपनीचा शेखर वाशिंदचा. यंत्र घेऊन आला, आवाज मोजला आणि सासूबाईंना म्हणाला, "बाईजाकाकी, आवाज नियमात हाय."

"मंग माझी झोप कुठल्या नियमात बसते रे?"

तो हसला. तिथंच चुकला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी गोधडी काखोटीला मारली. "चल गो माधुरी." राखणीच्या जागरणानं बेजार झालेल्या शेजारच्या लहानी आणि भिमीही आपापल्या गोधड्या घेऊन निघाल्या. डोंगर चढून आम्ही कंपनीच्या कचेरीत शिरलो. दुहेरी काचा; दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. स्वतःच्या कानांची सोय बरी केली होती यांनी! टेबलांच्या मधे अंथरून तिघी आडव्या झाल्या.

शेखर धावत आला. "काकी, इथं काम चालतं."

मी दारात उभी राहिले. "हळू बोल. किती दिवसांनी झोपल्यात त्या."

त्यानं साहेबांना फोन लावला. "झोपल्यात साहेब... नाय, मी नाय उठवणार." मग सासूबाईंकडे बघत आवाज आणखी खाली आणला. "दुपारचा पंखा बंद ठेवता येईल का?" तिकडून बहुतेक 'बघू' आलं, कारण त्याचं तोंड उतरलं.

सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. कपाळावरची आठी गेली होती. मला रडू आलं.

उन्हं कलली तशा त्या उठल्या. गोधडीची नीट घडी घातली आणि शेखरच्या खुर्चीवर ठेवून चालू लागल्या.

"काकी, गोधडी राहिली."

"राहू दे. पंखा थांबंपर्यंत रोज यायचं हाय. रोज कोण वाहील?"