रुखमाबाई कोणत्या रांगेत?

आमच्या विद्यापीठाला पन्नास वर्षं होत आली, तेव्हा कुलगुरूंनी ठरवलं की मुख्य इमारतीच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची भिंत बांधायची. तिच्यावर एका रांगेत नामवंत माजी विद्यार्थ्यांची आणि दुसऱ्या रांगेत नामवंत अध्यापकांची नावं कोरायची. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी इथे एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, निवृत्त होऊन नऊ झाली. अजून जिवंत आहे आणि जवळच राहतो, या दोनच गुणांवर माझी निवड झाली असावी.

विद्यापीठ धानाच्या संशोधनाचं. नामवंत शोधायला बसलो तेव्हा कळलं, नामवंत म्हणजे नेमका कोण हे मला सांगता येत नाही. आमचा सगळ्यात प्रसिद्ध माजी विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला नापास होऊन नागपूरला गेला आणि आता त्याचे चिवड्याचे चार कारखाने आहेत. दुसरा टीव्हीवर दिसतो, पण पोलिसांच्या गाडीत चढताना. अध्यापकांत एकांच्या शोधनिबंधाचा एकशे बारा वेळा उल्लेख झालेला आहे, पैकी एकशे नऊ वेळा त्यांनी स्वतःच केलेला. झाडांच्या रोगांचे एक तज्ज्ञ होते, त्यांच्या बंगल्यातली तुळस दरवर्षी मरायची. मी सगळ्यांची नावं लिहून घेतली. नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष डॉ. चंद्रकुमार कटरे, वय ऐंशीच्या आसपास, आमचे सगळ्यात मोठे अध्यापक. 'चंद्रप्रभा' हा धानाचा वाण त्यांचा. नावातला चंद्र म्हणजे ते स्वतः आणि प्रभा म्हणजे त्यांची पत्नी. तिसरी डिंपल, तरुण प्राध्यापिका. तिनं पहिल्याच दिवशी नियम केला : "काका, प्रत्येक नावामागे एक कागद पाहिजे. तोंडी काही चालणार नाही."

कागद म्हटल्यावर मी विषय बदलला. कारण चंद्रप्रभाचा कागद कुठे आहे ते मला माहीत होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत सरांनी पन्नास प्रकारचे पऱ्हे तयार केले होते. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. एक्केचाळीस नंबरचे पऱ्हे पिवळट आणि लुळे निघाले. सरांनी शेतावरच्या नोंदवहीत लिहिलं, 'क्र. ४१ नापास, फेकून द्यावे', आणि खाली सही केली. पण रोवणीच्या बायांना उरलेले पऱ्हे फेकता येत नाहीत. आमच्याकडे ते चालत नाही, अन्नाला लाथ मारल्यासारखं होतं. एकोडी गावची रुखमाबाई त्या टोळीची पुढारी. तिनं ती पेंडी उचलली आणि तलावाखालच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या कोपऱ्यात लावून टाकली. त्या वर्षी तुडतुड्यांची कीड पडली. एकोणपन्नास वाफे जळून तांबडे झाले, कोपरा तेवढा हिरवागार राहिला. पुढच्या पानावर रखवालदारानं कोपऱ्यातलं धान एक्केचाळीस नंबरचं असल्याची आणि ते कुणी लावलं याची नोंद केली होती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे : त्याच धानावर चौदा वर्षांची तपश्चर्या, 'चंद्रप्रभा' हे नाव, राज्याचा पुरस्कार, शाल, नारळ.

ती वही ग्रंथालयात बांधणीला आली तेव्हा मीच शिवली होती. शिवताना वाचलीही होती. आणि बत्तीस वर्षं गप्प बसलो.

बैठकीत मी घसा साफ केला. "सर, एक नाव राहिलं. रुखमाबाई. एकोडीची."

"कोण?"

"रोवणीवाली. चंद्रप्रभाच्या वेळची."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लक्ष्मणराव, मंग ज्या म्हशीनं चिखल केला तिचंही नाव टाका ना! ते तर माझ्यापेक्षा जास्त घामेजली होती."

मीही हसलो. हे लिहायला नको होतं, पण हसलो. डिंपल हसली नाही. ती म्हणाली, "काका, कागद आहे का?"

"पाहतो," मी म्हणालो. कागद माझ्या पिशवीत होता.

यादी सोमवारी दगड कोरणाऱ्याकडे जाणार होती. पुस्तकात चूक राहिली तर मागे शुद्धिपत्र चिकटवता येतं, दगडाला ती सोय नाही. शनिवारी मी एस.टी.नं एकोडीला गेलो. खरं सांगायचं तर रुखमाबाई नको म्हणेल, या आशेनं गेलो. तिनं हात जोडून म्हणावं, राहू द्या भाऊ, आमचं कायचं नाव; आणि मी मोकळा.

ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. सत्तरीची, पण हात चालू. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"दगडावर?" तिनं विचारलं. "सिमेंटवर नाही ना? सिमेंटवरचं निघून जाते."

"दगडावर."

"मंग टाका ना. मले विचाराले आले कायले?"

"तुमची हरकत नसावी म्हणून..."

"हरकत काहून राहीन? त्या सायबाले मी तवाच म्हटलं होतं, फेकू नका, याची मुळी चांगली आहे. तो म्हणे, बाई, तू शिकून राहिली का मी? मी म्हटलं, तुम्हीच शिका." तिनं सूप आपटलं. "आन भाऊ, तुमाले हे कवापासून ठाव आहे?"

"तेव्हापासूनच."

ती माझ्याकडे बघत राहिली. "इतकी पुस्तकं वाचून राहिले तुम्ही, आन तोंड उघडाले बत्तीस सालं लागली? आमची मुकी गायही इतका येळ नाही लावत."

मग तिनं चहा दिला. नातीला हाक मारून म्हणाली, "गुड्डे, पाय, हे आपलं नाव लिवनार आहेत." गुड्डी दहावीत होती. तिनं लगेच विचारलं, "कवा लागते आजोबा? मी मैत्रिणींना घेऊन येतो." माझी पळवाट तिथेच बंद झाली.

सोमवारी मी वही टेबलावर ठेवली. डिंपलनं ते पान मोठ्यानं वाचलं, उलटलं, पुढची नोंदही वाचली.

"हे माझं अक्षर नाही," सर म्हणाले.

"सही आहे सर."

"सहीही..." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सही बदलली नव्हती. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील. मी माफी मागायला तोंडही उघडलं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण टाकता कुठे तिले? विद्यार्थिनी म्हणाल तर तिनं प्रवेश नाही घेतला. अध्यापक म्हणाल तर तिनं कोणाले शिकवलं? नियम म्हणजे नियम. खाली बारीक अक्षरात टाका, 'सहकार्य'."

तडजोड सोपी होती. मी मान डोलवायला लागलो आणि मान मध्येच अडकली. का अडकली ते मला अजून समजलेलं नाही.

"सर," मी म्हणालो, "अध्यापक म्हणजे शिकवणारा. तुम्ही फेका म्हणून सही केली, तिनं लावून दाखवलं; कोणी कोणाला शिकवलं ते या वहीतच आहे."

डिंपलनं वहीत तोंड खुपसलं. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू कपाटातलं पुस्तक बोललं. मग हळूच म्हणाले, "लक्ष्मणराव, तुम्ही हे वाचलं होतं त्या वेळी?"

"हो."

"आन बोलले नाही."

"नाही."

"मंग माझ्यासारखेच निघाले तुम्ही." त्यांनी यादी पुढे ओढली आणि स्वतःच्या हातानं अध्यापकांच्या रांगेत नाव लिहिलं. रांग अकारविल्हे होती. च आधी, र नंतर. तेवढं समाधान त्यांनी करून घेतलं.

उद्घाटनाला रुखमाबाई टमटम करून आली. सोबत गुड्डी आणि तिच्या सहा मैत्रिणी. भाषणं चालू असताना सगळ्या भिंतीपाशीच उभ्या. आमच्या नामवंतांत एक गोष्ट समान निघाली : प्रत्येक जण येऊन फक्त आपलं नाव शोधायचा, फोटो काढायचा आणि जेवणाकडे वळायचा. चिवड्याच्या कारखान्यावाल्यानं तर दोन्ही रांगांत शोधलं. पूर्ण भिंत वाचणारी एकटी रुखमाबाई, म्हणजे गुड्डी वाचत होती आणि ती ऐकत होती.

आपलं नाव आलं तेव्हा तिनं पदर सारखा केला, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग मला बोलावलं.

"भाऊ, माह्यं बराबर आहे. आता हे माह्या वरचे कोण कोण आहेत ते सांगा. यानं काय केलं?"

मी सांगितलं.

"आन यानं?"

तेही कसंबसं सांगितलं. तिसऱ्या नावाला मी एकशे बारा उल्लेखांपर्यंत आलो आणि थांबलो. चौथ्या नावावर तिनं बोट ठेवलं. मी ग्रंथपाल, यादी माझीच, तरी मी खिशात यादी शोधायला लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "जेवाले चला. तुमाले तरी कुठं सगळं ठाव राहीन."